डोकी मोजावीत की जागा

न्यू जर्सीतील सरकारी शाळांच्या कारभाराकडे थोडे लक्ष देणाऱ्या माणसाला ३.३३ हा आकडा एकदा तरी भेटतोच. २०११ च्या फेब्रुवारीत, ख्रिस ख्रिस्टी गव्हर्नर असताना, राज्याने स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एखाद्या परिसरातील सरकारी शाळांच्या घटकाच्या, सुपरिंटेंडंटांच्या (मुख्य प्रशासकांच्या) पगारावर कमाल मर्यादा घातली. मर्यादा विद्यार्थिसंख्येनुसार पायऱ्यापायऱ्यांची होती आणि अगदी मोठी डिस्ट्रिक्ट वगळली, तर तिची सर्वांत वरची पायरी १,७५,००० डॉलरची, म्हणजे खुद्द गव्हर्नरच्या पगाराइतकी होती. या मर्यादेवर पैसे मिळण्याचा मुख्य मार्ग असा ठेवला गेला. वर्षाच्या सुरुवातीला डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाने सुपरिंटेंडंटसाठी काही उद्दिष्टे ठरवायची, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, एक्झिक्युटिव्ह सुपरिंटेंडंटकडून ती मंजूर करून घ्यायची, आणि वर्षअखेरीस ती पूर्ण झाल्याचे सिद्ध झाले की पगाराच्या काही टक्के रक्कम बक्षीस म्हणून द्यायची. आकड्यात मोजता येणाऱ्या उद्दिष्टाला जास्तीत जास्त ३.३३ टक्के, अशी तीन उद्दिष्टे. गुणात्मक उद्दिष्टाला २.५ टक्के, अशी दोन. सगळ्यांची बेरीज १४.९९ टक्के होते. पंधराला शतांशाने कमी राहण्याची ही काळजी ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याच्या काटेकोरपणाचे मला अजून कौतुक वाटते.

२०१९ साली गव्हर्नर मर्फी यांच्या सहीने पगाराची मर्यादा उठली, तरी उद्दिष्टांवर बक्षीस देण्याची सवय अनेक करारांत टिकून राहिली. ही उद्दिष्टे बोर्डाच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेला जोडलेली असतात आणि कोणालाही वाचता येतात. कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा. वाचली, तर त्यांत वारंवार आढळणारे एक उद्दिष्ट म्हणजे हायस्कूलमधील एपी वर्गांची नोंदणी अमुक टक्क्यांनी वाढवणे. एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हे कॉलेज बोर्ड या संस्थेचे शाळेत शिकवले जाणारे कॉलेजच्या दर्जाचे अभ्यासक्रम आहेत. मे महिन्यात त्यांची परीक्षा होते, गुण १ ते ५ असे मिळतात, ३ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले की परीक्षा साधली असे मानतात आणि पुष्कळ कॉलेजे त्यावर क्रेडिट देतात. येथील मराठी घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची रांग लागली की तिसरा प्रश्न "यंदा किती एपी घेतले?" हाच असतो.

सुपरिंटेंडंटला हे उद्दिष्ट आवडावे, यात नवल नाही. ते शोभिवंत आहे, कारण कठीण विषय अधिक मुलांनी शिकावेत याला कोण विरोध करील? ते मोजायला सोपे आहे. आणि मुख्य म्हणजे ते बऱ्याच अंशी प्रशासनाच्या हातातले आहे. वाचनाची पातळी उंचावायची तर पहिलीपासून राबावे लागते. नोंदणी वाढवायची तर फेब्रुवारीत विषयनिवडीच्या वेळी थोडा आग्रह, शिक्षकाच्या शिफारशीची अट थोडी सैल आणि वेळापत्रकात एखादा जास्तीचा तास पुरतो. १,६५,००० डॉलर पगाराच्या सुपरिंटेंडंटला एका उद्दिष्टाचे सुमारे साडेपाच हजार डॉलर मिळतात. त्या पगाराच्या मानाने रक्कम फार मोठी नाही, पण वर्षभरात कोणत्या कामाकडे आधी पाहायचे, हे ठरवण्याइतकी ती नक्कीच मोठी आहे.

माझी मुलगी अकरावीत जायची होती तेव्हा मी ही यादी पहिल्यांदा नीट वाचली. तिने कॅल्क्युलस, फिजिक्स, अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजी असे चार एपी निवडले होते आणि दिवसाचे तास पाहता ते आम्हा दोघांनाही पुरेसे वाटत होते. काउन्सेलरबाईंनी अगदी प्रेमाने सुचवले की एन्व्हायर्नमेंटल सायन्सचा एपी तिला सहज जमेल, तिच्यासारख्या मुलीने तो सोडू नये. बाई मनाने चांगल्या आहेत आणि सुपरिंटेंडंटच्या टक्क्यांची त्यांना कल्पनाही असेल असे मला वाटत नाही. असा दबाव हुकमाच्या रूपाने खाली उतरतच नाही. "या वर्षी आपला भर एपीवर आहे" एवढे एक वाक्य सुपरिंटेंडंटकडून प्रिन्सिपलकडे, तेथून विभागप्रमुखांकडे आणि तेथून काउन्सेलरच्या खोलीत येते, आणि वाटेत त्याला चिकटलेले पैसे कोठेतरी गळून गेलेले असतात.

त्या आठवड्यात मी एक हिशेब मांडून पाहिला. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. समजा एका हायस्कूलमध्ये ६०० मुले मिळून एपीच्या १,५०० जागा भरतात आणि उद्दिष्ट दहा टक्के वाढीचे आहे, म्हणजे आणखी १५० जागा भरायच्या आहेत. त्या दोन रीतींनी भरता येतात. एक तर ज्यांनी आजवर एकही एपी घेतलेला नाही अशी १५० मुले शोधायची, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचे, नववीपासून त्यांचा पाया पक्का करायचा आणि वर्गात बसल्यावर ती गळून जाऊ नयेत म्हणून शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी कोणीतरी थांबायचे. नाहीतर जी मुले आधीच तीन-चार एपी घेत आहेत, त्यांतील १५० जणांना आणखी एक घ्यायला सांगायचे. दुसऱ्या रीतीला खर्च नाही, शिक्षकाची कुरकुर नाही, पालकांची हरकत तर नाहीच. उलट ते आभार मानतात. कागदावर दोन्हींची बेरीज एकच येते, कारण उद्दिष्टात 'नोंदणी' लिहिलेले असते आणि नोंदणी म्हणजे भरलेली जागा. डोकी कोणी मोजत नाही. एडिसन, प्लेन्सबरो आणि आजूबाजूच्या गावांत राहणाऱ्या आपल्या लोकांना या दुसऱ्या रीतीतली १५० मुले कोठून येतात हे वेगळे सांगायला नको. ती आपल्याच घरांतून जातात, आणि त्यांना तेथे पाठवायला आपण आधीच तयार बसलेले असतो.

एवढ्यावरून हे उद्दिष्टच खोटे आहे, असे म्हणणारे मला भेटले आहेत, पण ते मला पटत नाही. दार उघडायला कोणी भाग पाडल्याशिवाय ते उघडत नाही, याचे पुरावे या देशात पुष्कळ आहेत. ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कलांते नावाच्या बोलिव्हियाहून आलेल्या शिक्षकाने गरीब मेक्सिकन वस्तीतील मुलांना कॅल्क्युलस शिकवले. १९८२ साली त्यांची १८ मुले एपीत उत्तीर्ण झाली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांवर नकलेचा संशय घेतला. त्यांतील १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सगळे पुन्हा उत्तीर्ण झाले. त्या संशयात उत्तरपत्रिकांतील साम्याचा भाग किती आणि मुलांच्या आडनावांचा किती, यावर आजही वाद होतो. आणि इतके दूर जायचेही कारण नाही. आमच्या न्यू जर्सीतल्याच साउथ ऑरेंज-मेपलवुड या सुशिक्षित, उदारमतवादी म्हणवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये वरच्या पातळीच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुले इतकी कमी होती की संघीय शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाने चौकशी केली आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्ट्रिक्टला सुधारणेचा करार करावा लागला. तेथे कोणी फलक लावून मुलांना अडवले नव्हते. शिफारस, चाचणी, आठवीतले गणित आणि आपल्या मुलासाठी भांडायची पालकांची सवय, एवढ्या चाळण्या पुरेशा होत्या. अशा ठिकाणी सुपरिंटेंडंटला पैशाचे आमिष दाखवून का होईना ते दार उघडत असेल, तर मी आनंदाने माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून ते पैसे देईन.

अडचण मोजमापात आहे आणि ती जुनी आहे. एस्कलांतेंच्या कामावर लिहिणारे पत्रकार जे मॅथ्यूज यांनी १९९८ पासून 'न्यूजवीक'मध्ये अमेरिकेतील हायस्कूलांची जी क्रमवारी सुरू केली, तिचे सूत्र एका ओळीचे होते: शाळेत दिल्या गेलेल्या एपी आणि तत्सम परीक्षांची संख्या भागिले त्या वर्षी पदवीधर होणाऱ्या मुलांची संख्या. परीक्षा उत्तीर्ण झाली की नाही, याला त्यात स्थान नव्हते. यामागचा त्यांचा विचार प्रामाणिक होता. कठीण वर्गात बसून नापास झालेले मूलही सोप्या वर्गात पास झालेल्या मुलापेक्षा कॉलेजसाठी अधिक तयार असते, असे ते म्हणत. शिवाय उत्तीर्णांची टक्केवारी मोजली की शाळा दुबळ्या मुलांना परीक्षेला बसूच देत नाहीत, हेही खरे. पण एक मूल पाच परीक्षांना बसले काय आणि पाच मुले एकेका परीक्षेला बसली काय, त्या भागाकाराला दोन्ही सारखेच. क्रमवारी छापून आली की गावातल्या घरांच्या किमती, बोर्डाची निवडणूक आणि सुपरिंटेंडंटचा पुढला करार या सगळ्यांवर तिची सावली पडते.

देशभराचे आकडे दोन्ही बाजूंना हवे ते देतात. २००३ साली सरकारी हायस्कूलांतून पदवी घेणाऱ्यांपैकी १८.९ टक्के मुलांनी एकतरी एपी परीक्षा दिली होती आणि १२.२ टक्के मुलांनी किमान एकीत ३ किंवा अधिक गुण मिळवले होते. २०१३ साली हेच आकडे ३३.२ आणि २०.१ झाले. म्हणजे यशस्वी मुलांचे प्रमाण दहा वर्षांत १२ टक्क्यांवरून २० वर गेले, ही लहान गोष्ट नव्हे. आणि परीक्षेला बसून एकदाही ३ पर्यंत न पोचलेल्या मुलांचे प्रमाण ६.७ वरून १३.१ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले, हेही त्याच तक्त्यात आहे. दार उघडण्याची ही किंमत समजायची की दाराच्या आत कोणी वाट पाहत नव्हते याची खूण, हे नुसत्या तक्त्यावरून सांगता येत नाही.

पैसे देऊन हे काम नीट होऊ शकते का, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण टेक्सासमधील डॅलसचे आहे. तेथे १९९६ पासून एका खासगी फाउंडेशनच्या पैशावर गरीब वस्तीतील काही हायस्कूलांत एक योजना चालली. एपीत ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या मुलाला प्रत्येक परीक्षेमागे १०० ते ५०० डॉलर आणि त्याच्या शिक्षकालाही तितकेच मिळत. अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन यांनी या शाळांचा अभ्यास केला, तेव्हा एपीतील यशच नव्हे, तर सॅट आणि एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांत वरचे गुण मिळवणारी मुले सुमारे ३० टक्क्यांनी आणि कॉलेजात जाणारी मुले सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना दिसले. पण त्यांचे म्हणणे असे की मुले नुसत्या नोटांसाठी धावली नाहीत. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, शनिवारी जादा तास झाले, खालच्या इयत्तांपासून तयारी सुरू झाली, काउन्सेलर वेगळे बोलू लागले आणि एपी हा आपल्यासाठी नसतो, ही मुलांची समजूत गेली. फ्लॉरिडाही ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिक्षकाला ५० डॉलर आणि डिस्ट्रिक्टला जादा निधी देते, आणि त्या निधीचा मोठा हिस्सा त्याच शाळेवर खर्च करावा लागतो. या दोन्ही ठिकाणी पैसे मुलाच्या कामाच्या शेवटाला बांधलेले आहेत आणि ते शिकवणाऱ्याच्या हातात पोचतात.

न्यू जर्सीच्या उद्दिष्टात पैसे सुरुवातीला बांधलेले आहेत. याला कॅलेंडरचाही हातभार लागतो. डिस्ट्रिक्टचे वर्ष ३० जूनला संपते आणि एपीचे गुण जुलैत येतात. नोंदणीचा आकडा मात्र शरद ऋतूपासून हातात असतो, त्यामुळे वर्ष संपता संपता ज्याचा पुरावा जोडता येईल असे उद्दिष्ट लिहायचे, तर नोंदणीच लिहावी लागते. यात कोणाची लबाडी नाही. अटलांटा शहरात मात्र शाळांच्या अधिकाऱ्यांचे बोनस परीक्षांच्या गुणांशी बांधले होते आणि २०११ च्या सरकारी अहवालात ४४ शाळांतील १७८ जणांची नावे उत्तरपत्रिकांतील फेरफारांच्या प्रकरणात आली. नोंदणीसाठी कोणाला काही खोडावे लागत नाही. ती वाढते, सगळे खूश असतात, म्हणूनच तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

हे सगळे मी एकदा आमच्याकडे आलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना सांगत होतो. ते सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना यातले काहीही नवे वाटले नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे मंजूर तुकड्या आणि शिक्षकांच्या सरकारी हिशेबात, तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मास्तर वाड्यावस्त्यांवर मुले शोधत फिरतात, हे त्यांनी सगळे आयुष्य पाहिले होते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ३ ते ५ तारखेला महाराष्ट्रभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. कागदावरची लाखो मुले प्रत्यक्षात नाहीत, असे तेव्हा निघाले. सर म्हणाले, "अहो, तुमच्याकडे निदान पोरं खरी आहेत." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "पण पट वाढवल्याचे पैसे साहेबाला मिळतात. वर्गात पाच पोरं वाढली, ती ज्या मास्तरला सांभाळायची, त्याला काय मिळते?" काही नाही, असे मला सांगावे लागले. येथील शिक्षकाचा पगार युनियनच्या कराराप्रमाणे सेवेच्या वर्षांनुसार पायऱ्यांनी वाढतो. २२ मुलांचा वर्ग २७ चा झाला आणि त्यातल्या सहा जणांना लॉगॅरिदम येत नसले, तरी त्याच्या पगारपत्रकावर त्याची नोंद होत नाही.

सरांच्या त्या प्रश्नाला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान मुख्यतः परीक्षेच्या निकालावर मिळे, तर मद्रासमध्ये शिक्षकांच्या पगाराच्या हिशेबाने मिळे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून निकालावर पैसे देण्याची पद्धत होती, तिचेच हे वळण. शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १८८२ च्या हंटर कमिशनपुढे या दोन पद्धतींची तुलना झाली. निकालावर पैसे दिले की घोकंपट्टी वाढते आणि हजेरीवर दिले की नुसती गर्दी वाढते, हा पेच तेव्हापासूनचा आहे, आणि एका आकड्याने तो सुटल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्या घरांची बाजूही सांगायला हवी. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटनी पालकांना एक लांबलचक पत्र लिहिले. आदल्या वर्षात माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावे लागले होते आणि त्यांतील ४० जणांना इस्पितळात दाखल करावे लागले, हे त्यांनी त्यात मांडले, आणि हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. त्या डिस्ट्रिक्टमध्ये तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश मुले आशियाई वंशाची होती. सभांमधून पालकांत सरळ दोन फळ्या पडल्या. आपल्यापैकी पुष्कळांना वाटले की आपली मुले पुढे जात आहेत, तेव्हाच बरे शर्यतीचे नियम सैल होत आहेत. त्या वाटण्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. या देशात ओळखीपाळखीवर चालणाऱ्या दरवाजांपुढे आपल्याकडे परीक्षेशिवाय दुसरे काय होते? पण एक गोष्ट तेव्हा कोणी बोलले नाही. एखादा सुपरिंटेंडंट भार कमी करायला निघाला की आपण त्याला जाब विचारतो, आणि भार वाढवल्याबद्दल त्याला बोर्डाकडून बक्षीस मिळते तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या असतात.

आमच्या बोर्डाच्या सभेत नागरिकाला बोलायला तीन मिनिटे मिळतात. मी एवढेच सुचवले की पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टात नोंदणीऐवजी आयुष्यातला पहिला एपी घेणारी मुले मोजावीत, आणि ती सप्टेंबरात न मोजता जूनमध्ये, वर्गात टिकून राहिलेली तेवढी मोजावीत. बक्षिसाची रक्कम हवी तर तशीच ठेवावी. एका सदस्याने सभेनंतर बाजूला येऊन सौजन्याने सांगितले की सूचना चांगली आहे, पण ती संख्या फार सावकाश वाढते, आणि एका वर्षात गाठता येईल याची खात्री नसलेल्या उद्दिष्टावर कोणी सही करत नाही. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. ठराव मूळ शब्दांत एकमताने मंजूर झाला.

मी नंतर राज्याच्या सार्वजनिक दस्तऐवज कायद्याखाली लेखी अर्ज केला: गेल्या वर्षी वाढलेल्या एपी जागांपैकी किती जागांवर पहिल्यांदाच एपी घेणारी मुले होती? अशा अर्जाला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि ते वेळेत आले. विषयवार नोंदणीचा तक्ता जोडला होता, उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडले होते, आणि खाली लिहिले होते की मागितलेली माहिती ज्यात असेल असा कोणताही दस्तऐवज डिस्ट्रिक्टकडे नाही, आणि नसलेला दस्तऐवज तयार करून देणे कायद्याने बंधनकारक नाही.